ख्रिसमसचा फ्रूट केक: सहा आठवडे आधीपासून काय काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या वर्षी ख्रिसमसच्या चार दिवस आधी घरी पहिल्यांदा फ्रूट केक केला. वरून काळा झाला, मध्ये कच्चा राहिला, सगळी फळं तळाशी जाऊन बसली आणि कापल्यावर भुगा झाला. यंदा हातात सहा आठवडे आहेत, तर कधी काय करायचं? शिवाय घरात दारू चालत नाही, मग हा केक होईल का?

होईल, आणि चांगला होईल. गेली बावीस वर्षं मी दर नोव्हेंबर-डिसेंबरात हे केक करते आणि शिकवतेही. तुमचे चारही दोष मी माझ्या ओट्यावर पाहिलेले आहेत, त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. पण एक गोष्ट आधी सांगते. हा मुरवायचा पदार्थ आहे. साधा स्पंज केक ओव्हनमधून निघतो तेव्हा सर्वात छान लागतो. फ्रूट केक त्या दिवशी कापलात तर तो कडक, मसाल्याचा उग्र वास येणारा आणि कापताना ढासळणारा लागतो. फळातला ओलावा हळूहळू भोवतालच्या केकमध्ये उतरतो, मसाले एकमेकांत मिसळतात, तेव्हा कुठे त्याची कापं सलग पडतात. तुमचा भुगा झाला तो बहुतेक यामुळेच. भाजण्याचा दिवस मधला, त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवसही तितकेच कामाचे.

फळांपासून सुरुवात करू. २० सेंटिमीटर म्हणजे आठ इंची गोल टिनसाठी एकूण ९०० ग्रॅम सुकी फळं लागतात. मी निम्म्याहून जास्त काळ्या मनुका आणि बेदाणे घेते, उरलेल्यात खजूर, अंजीर, जर्दाळू, थोड्या चेरी आणि साखरेत पाकवलेली संत्र्याची साल. प्रमाण तुमच्या आवडीचं ठेवा, आकार मात्र सारखा हवा. सगळं मनुकेएवढं कापा. अंजिराचा मोठा तुकडा जड असतो, तो खाली सरकतो आणि कापताना सुरीबरोबर ओढला जाऊन केकला भोक पाडतो. खजूर कापताना सुरीला थोडा मैदा लावलात तर चिकटत नाही.

मनुका कोमट पाण्यात दोनदा धुऊन घ्या. बऱ्याच मनुकांना एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तेलाचा हात लावलेला असतो, तो निघाला की त्या रस नीट पितात. धुतल्यावर स्वच्छ कापडावर पसरून रात्रभर वाळू द्या. पाकातल्या चेरी असतील तर त्यांचा पाक धुऊन, पुसून मगच कापा. बदाम, अक्रोड भिजवू नका. ते मऊ पडतात आणि दाताखाली रबरासारखे लागतात. १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजून, गार करून, अगदी शेवटी मिश्रणात घाला.

आता भिजवण्याबद्दल. दारू चालणाऱ्या घरात ९०० ग्रॅम फळांना १५० मिली रम किंवा ब्रँडी घालून, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत फळं चार-सहा आठवडे बाहेर ठेवता येतात, कारण ४० टक्के मद्यार्क आणि फळातली साखर मिळून बुरशीला वाढू देत नाहीत. तुमच्याकडे हे नाही, म्हणून तुमचं वेळापत्रक वेगळं. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात फळं सहा आठवडे ठेवलीत तर ती आंबतील, बुरशी येईल, आणि हा धोका पत्करू नका. रसात भिजवणं हे एका दिवसाचं काम आहे. मी असं करते: १५० मिली संत्र्याचा रस, त्यात दोन चमचे अगदी कडक कोरा चहा, आणि सगळी फळं एका जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं, रस फुगे मारायला लागेपर्यंत गरम करते. झाकण ठेवून गार होऊ देते आणि मग फ्रिजमध्ये रात्रभर. गरम रस फळात झटकन शिरतो. चहाचा तुरटपणा महत्त्वाचा आहे. रममुळे गोडाला जो एक कडवट काठ मिळतो तो रसात नसतो, चहा त्याची जागा बऱ्यापैकी भरून काढतो.

एक खुलासा इथेच करते, कारण वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतं. भाजताना मद्य पूर्ण उडून जातं हा समज बरोबर नाही. बराच भाग जातो, थोडा राहतो. आणि भाजल्यानंतर केकवर जे चोपडतात ते तर उडतच नाही. तुमच्याकडे दारू न चालण्याचं कारण काहीही असो, बाहेरून केक आणताना किंवा कुणी दिला तर हे विचारून घ्यावं. आपण दारू घातलेला केक कुणाला देणार असू तर आपणही न विचारता सांगावं.

मिश्रणाचं प्रमाण असं: लोणी २२५ ग्रॅम, ब्राऊन शुगर २२५ ग्रॅम, अंडी चार, मैदा २२५ ग्रॅम, बदामाची पूड ५० ग्रॅम, एका संत्र्याची आणि एका लिंबाची किसलेली साल, पाव चमचा मीठ, आणि दोन छोटे चमचे मसाला. मसाल्यात माझ्याकडे दालचिनी निम्मी, बाकी सुंठ, जायफळ आणि चिमूटभर लवंग. लवंग जपून घाला. मुरल्यावर तिचा जोर वाढल्यासारखा वाटतो आणि दुसरं काहीच लागत नाही. लोणी बिनमिठाचं घ्या, म्हणजे पांढरं किंवा पिवळं अनसॉल्टेड बटर. बेकिंग पावडर? अजिबात नाही. हा केक फुगायचा नसतो. फेसलेल्या लोण्यातली हवा आणि अंडी त्याला पुरेशी आहेत.

तुमची फळं तळाशी का गेली याचं उत्तर इथेच आहे. तुम्ही लिहिलं आहे की एक चमचा बेकिंग पावडर घातली आणि मिश्रण घट्ट वाटलं म्हणून अर्धी वाटी दूध घातलं. त्या दुधानं घात केला. पातळ मिश्रण गरम होताना आणखी सैल होतं, ते घट्ट धरण्याआधीच जड फळं खाली उतरतात. फळांना मैदा चोळण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यानं थोडा फरक पडतो, पण पातळ मिश्रणात मैदा चोळलेली फळंही बुडतात. मिश्रण इतकं दाट हवं की चमचा उलटा केला तर ते काही क्षण तसंच धरून राहावं आणि मग गोळा थपकन पडावा. आणि फळांचं वजन बाकी सगळ्या मिश्रणाच्या जवळपास बरोबरीनं असलं की त्यांना बुडायला जागाच उरत नाही. भिजवलेली फळं घालण्याआधी चाळणीत निथळून घ्या. खाली जमलेला रस टाकू नका, पण मिश्रणातही ओतू नका. दोन चमचे चालतील, बाकीचा पिऊन टाका.

फेटण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे घाई केली की पुढे काही सुधारता येत नाही. लोणी बोटानं दाबलं तर खड्डा पडला पाहिजे, पण बोट तेलकट चकचकीत होता कामा नये. वितळलेलं लोणी हवा धरत नाही. साखरेचे कण लोण्याला घासून त्यात बारीक बुडबुडे करतात, म्हणून रंग उजळून मिश्रण हलकं होईपर्यंत पाच-सहा मिनिटं फेटा. अंडी फ्रिजमधून काढलेली थेट घालू नका. अंड्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. गार अंडं पडलं की लोणी आकसतं, पाणी सुटतं आणि मिश्रण नासल्या दुधासारखं फाटतं. अंडी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वेगळी फोडून काट्यानं हलवून घ्या आणि एकेक चमचा करत घाला. प्रत्येक चमचा पूर्ण जिरल्यावर पुढचा. फाटायला लागलंय असं वाटलं तर मोजलेल्यातलाच एक चमचा मैदा घालून फेटा, सावरतं. थोडं फाटलंच तरी घाबरू नका. केक होतो, फक्त जरा भरड पोताचा होतो. मैदा मात्र फेटायचा नाही. मसाला, मीठ आणि बदामाच्या पुडीबरोबर चाळून घ्या आणि मोठ्या चमच्यानं खालून वर घेत मिसळा, मग फळं, मग सुकामेवा.

गडद रंगासाठी काहीजण साखर करपवून तिचा अर्क घालतात. मला तो आवडतो, त्यानं गोडी कापली जाते. पण हे काम मुलं आजूबाजूला असताना करू नका. जाड बुडाच्या भांड्यात १०० ग्रॅम साखर मध्यम आचेवर ठेवा, ढवळू नका, भांडंच फिरवा. साखर कडेनं वितळते, पिवळी होते, मग मधासारखी, मग तांबूस. तिथे थांबायचा मोह होतो. अजून थोडं थांबा. काठावर बारीक फेस येतो, रंग गडद कॉफीचा होतो आणि पहिला निळसर धूर वर निघतो. त्याच क्षणी गॅस बंद. आणखी दहा सेकंद गेले की कडू कोळसा. बाजूला ६० मिली उकळतं पाणी तयार ठेवलेलं असावं. हात लांब ठेवून, तोंड बाजूला करून, ते थोडं थोडं ओता. साखर १७० अंशांच्या वर असते, पाणी पडताच भडका उडाल्यासारखी वाफ आणि शिंतोडे येतात. गार पाणी तर कधीच नको. शांत झाल्यावर पुन्हा मंद आचेवर ठेवून गुठळ्या विरघळवा आणि गार करा. केकमध्ये एक-दोन मोठे चमचेच घाला. उरलेला अर्क बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवता येतो.

आता वरून काळा आणि आतून कच्चा. हा ओव्हनचा प्रश्न आहे. तुम्ही १८० अंशांवर ५० मिनिटं भाजलात. ते स्पंजचं तापमान झालं. एवढा दाट केक १४० अंशांवर भाजायचा, आणि वेळ चार तासांच्या आसपास, साडेतीन ते साडेचारच्या मध्ये कुठेही. पंखा चालणारा कन्व्हेक्शन असेल तर १२०. हे वाचून बहुतेकांना विश्वास बसत नाही, पण उष्णतेला मधोमध पोचायला तेवढा वेळ लागतोच. बाहेरून आच वाढवली तर फक्त कडा करपतात.

ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, हे मी मनापासून सांगते. माझ्या आधीच्या ओव्हनचं बटण १४० दाखवायचं आणि आत १६५ असायचं. तीन वर्षं माझे केक कडेनं कोरडे पडत होते आणि मी दर वेळी प्रमाण बदलत बसले होते, लोणी वाढव, फळं वाढव. आत टांगायचा साधा थर्मामीटर आणला आणि पहिल्याच दिवशी कळलं. तुमच्याकडे तो नसेल तर या सहा आठवड्यांत पहिली खरेदी तीच करा. रिकाम्या ओव्हनमध्ये ठेवून २० मिनिटांनी बघा, मग अर्ध्या तासानं पुन्हा बघा. वर-खाली होणं साहजिक आहे, सरासरी पाहायची.

टिनला आतून तळाला आणि कडेला दुहेरी बटर पेपर लावा, कडेचा कागद काठाच्या वर चार सेंटिमीटर उभा राहू द्या. बाहेरून ब्राऊन पेपरची दोन-तीन पदरी पट्टी गुंडाळून सुतळीनं बांधा. कड आणि मध्य यांच्या भाजण्यातलं अंतर यामुळे कमी होतं. छोट्या ओटीजीत मात्र काळजी घ्या. तिथे रॉड अगदी जवळ असतात, कागद रॉडला लागला तर पेट घेऊ शकतो. चारी बाजूंनी आणि वर किमान चार बोटं जागा राहत नसेल तर १५ सेंटिमीटरचं टिन घ्या, वरचं सगळं प्रमाण निम्मं करा, आणि कागदाची उंचीही कमी ठेवा. तो केक साधारण अडीच ते तीन तासांत होतो. खरं तर पहिल्या वेळेला मी सगळ्यांना लहानच करायला सांगते.

मिश्रण भरल्यावर चमच्याच्या पाठीनं मध्ये उथळ खोलगट करा, म्हणजे वर डोंगर येत नाही. दोन तासांनी वरचा रंग बघा, पुरेसा वाटला तर फॉइलचा तुकडा मध्ये रुपयाएवढं भोक पाडून वर सैल ठेवा. पहिले दोन तास दार उघडू नका.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? सळई घालून पाहतातच, पण फ्रूट केकमध्ये ती फसवते. मनुकेतून गेली तर चिकट निघते आणि आपण उगाच आणखी भाजतो. तीन ठिकाणी घाला आणि सळईवर जे लागलंय ते बोटात चोळा. गोड चिकट असेल तर फळ, पिठूळ असेल तर कच्चं. माझी जास्त भरवशाची खूण कानाची आहे. टिन बाहेर काढून, कपड्यानं धरून, कान केकच्या जवळ न्या, चिकटवू नका. कच्च्या केकमधून सतत चरचर, बारीक बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत असतो, आत पाणी उकळत असतं ते. तो आवाज जवळजवळ थांबला, अधूनमधून एखादी टिचकी उरली, की केक झाला. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा खात्री वाटणार नाही, म्हणून अर्ध्या तासाच्या अंतरानं दोनदा ऐका, फरक लगेच कळतो. पदार्थात खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९५ ते ९८ अंश दिसायला हवेत.

टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर. गरम काढलात तर स्वतःच्या वजनानं तडकतो.

मुरवताना तुमचा मार्ग पुन्हा वेगळा होतो. दारूवाला केक बटर पेपरमध्ये, वर फॉइलमध्ये गुंडाळून, आठवड्याला एक-दोन मोठे चमचे ब्रँडी सळईच्या भोकांतून पाजत महिनाभर ठेवतात, शेवटचा आठवडा काही न घालता. तुम्ही तसं रसानं करू नका. रस चोपडलेल्या केकवर बाहेरच्या हवेत काही दिवसांत बुरशी येते. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, ख्रिसमसच्या आठ-दहा दिवस आधी केक करायचा, एक रात्र बाहेर मग गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि आदल्या दिवशी बाहेर काढायचा. दुसरा, मला जास्त पसंत असलेला: ख्रिसमसच्या तीन-चार आठवडे आधी केक करा, तीन-चार दिवस फ्रिजमध्ये मुरू द्या, मग हवाबंद गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन महिने काही होत नाही. ख्रिसमसच्या चार दिवस आधी फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवा, गुंडाळलेलाच, म्हणजे वाफ केकवर न जमता आवरणावर जमते. यात एक फायदा असा की पहिला केक बिघडलाच तर दुसरा करायला वेळ उरतो.

फॉइल थेट केकला लावू नका. फळांच्या आंबटपणानं अॅल्युमिनियम खराब होतं, काळे डाग पडतात. आधी बटर पेपर, मग फॉइल.

बिस्किटांचं तुम्ही ओझरतं विचारलं आहे. ती आधी भाजून ठेवू नका, त्यांचं पीठ आधी करून ठेवा. लोण्याच्या बिस्किटांच्या पिठाची वळकटी करून फ्रीझरमध्ये ठेवली की लागेल तेव्हा चकत्या कापून भाजता येतात. सुंठ-दालचिनीच्या बिस्किटांचं पीठ दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलं तर चव चढते. भाजलेली बिस्किटं केकच्या डब्यात ठेवू नका. केकचा ओलावा ती ओढून घेतात आणि मऊ पडतात. सुंठेची बिस्किटंही वेगळ्या डब्यात, नाहीतर बाकीच्यांनाही सुंठेचा वास लागतो.

वर मार्झिपॅन, म्हणजे बदामाची पूड आणि साखर मळून केलेला थर, आणि पांढरं आयसिंग करायचं असेल तर मार्झिपॅन आठवडाभर आधी लावून एक-दोन दिवस उघडा सुकू द्या, नाहीतर बदामाचं तेल आयसिंगवर पिवळे डाग पाडतं. आयसिंगला कच्चा पांढरा बलक घालत असाल तर घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं असतील तर तो टाळा, त्याची पावडर मिळते ती वापरा. पण पहिल्या यशस्वी वर्षी मी तुम्हाला काहीच न लावता, नुसता केक खा असं सांगेन.

तर या आठवड्यात थर्मामीटर आणा आणि ओव्हन तपासा. पुढच्या आठवड्यात १५ सेंटिमीटरचा एक केक करा. कापायची घाई नको, चार दिवस थांबा, आणि मग अर्धा कापून बघा, अर्धा फ्रीझरमध्ये. कापताना दातेरी सुरी घ्या, करवतीसारखी चालवा, प्रत्येक कापानंतर पुसा. फ्रीझरमधल्या पुडक्यावर तारीख, तुमच्या ओव्हनचं खरं तापमान आणि नक्की किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मोठा केक करताना तो कागद समोर ठेवा, आणि काही अडलं तर त्यावरचे आकडे मला कळवा.